कोंबडीचं न्हाणीघर

नेरूळमध्ये पक्षी दोन प्रकारचे. एक, ज्यांची चित्रं महापालिका भिंतींवर काढते आणि दुसरे, ज्यांच्याबद्दल शेजारी महापालिकेकडे तक्रार करतात. पहिल्या प्रकारात फ्लेमिंगो येतात. हिवाळा सुरू झाला की ते ठाण्याच्या खाडीत उतरतात आणि भरतीच्या वेळी डीपीएस तलावासारख्या पाणथळींत येऊन एका पायावर उभे राहतात. त्यांना बघायला पामबीच रस्त्यावर दोन्ही पायांवर उभ्या राहणाऱ्यांची गर्दी होते. दुसऱ्या प्रकारात कोंबडी येते. तिला बघायला कुणी लेन्स घेऊन येत नाही. आलाच कुणी, तर तो वजनाचा अंदाज घेत असतो.

खरं तर दोघांच्या रंगाचं भांडवल एकच आहे. फ्लेमिंगोच्या पंखांतला गुलाबी आणि गावठी अंड्याच्या बलकातला केशरी, दोन्ही रंग कॅरोटिनॉइड या एकाच कुळातल्या द्रव्यांचे. दोघंही तो रंग खाण्यातून मिळवतात. एकाने तो पिसांवर मिरवला, दुसरीने निमूट बलकात घालून लोकांच्या ताटात वाढला. प्रसिद्धी कुणाला मिळाली, ते शहराच्या प्रत्येक भिंतीवर दिसतंच.

तरीही नेरूळमध्ये कोंबडी टिकून आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, पुढे जमिनी गेल्या, सेक्टरांना आकडे पडले. पण नेरूळ, शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावठाणं सेक्टरांच्या मधोमध तशीच राहिली. तिथल्या घरांसाठी सरकारदरबारी एक खास शब्दप्रयोग आहे: ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. ती नियमित करण्यावरून कितीतरी मोर्चे निघाले, बैठका झाल्या, घोषणा झाल्या. त्याच घरांच्या जिन्याखाली पत्रा, फळ्या आणि जुन्या खिडकीचे गज असं जमवून एक गरजेपोटी बांधलेलं खुराडंही असतं. ते नियमित करण्याची मागणी अजून कुठल्याही निवेदनात आलेली नाही.

गावठाणाबाहेर कोंबडी पाळणारा दुसरा वर्ग आहे तो रो-हाउसवाल्यांचा. टाळेबंदीच्या काळात काहींनी केक केले, काहींनी योगासनं केली, काहींनी चार गावठी पिलं आणली. केक संपले, आसनं सुटली, पिलांच्या मात्र तलंगा झाल्या. हा छंद एकट्या नेरूळचा नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१.७ कोटी निघाल्या. आधीच्या, म्हणजे २०१२च्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. शहरी हौशी मंडळी यात किती, ते पशुगणना सांगत नाही. पण नेरूळमध्ये त्यांना ओळखणं सोपं आहे. गावठाणातल्या कोंबडीला नाव नसतं. रो-हाउसमधल्या कोंबडीला नाव असतं, वाढदिवस असतो आणि हल्ली हल्ली पाठीवर टक्कलही असतं.

हे टक्कल बहुधा एखाद्या रविवारी सकाळी नजरेस पडतं. आठवडाभर घरातल्या कुणालाही खुराड्याकडे नीट बघायला वेळ नसतो. मग दिसतं ते असं: मानेवरची पिसं विरळ, पाठीवर तळहाताएवढी जागा साफ उघडी, शेपटीच्या मुळाशी लालसर कातडी, आणि कोंबडी मान वळवून वळवून तिथंच चोच मारतेय. तिचा फोटो पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि पंधरा मिनिटांत निदानं सुरू होतात.

पहिलं निदान ठरलेलं: बर्ड फ्लू. यात लोकांचीही चूक नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६मध्ये. जानेवारी २०२५मध्ये तो उरण तालुक्यातल्या चिरनेरला निघाला. चिरनेर म्हणजे १९३०च्या जंगल सत्याग्रहाचं गाव. आणि नेरूळहून पाहिलं तर उरण म्हणजे खाडीपलीकडचा शेजार. पण त्या आजारात कोंबड्या अचानक मरू लागतात, डोकं सुजतं, तुरा निळा-जांभळा पडतो. पाठ बोडकी करून, दुपारी दाणे टिपत, शेजारच्या मांजरावर धावून जाणाऱ्या कोंबडीला तो झालेला नसतो. हे कुणीतरी ग्रुपवर लिहितं. त्यावर तिघे अंगठा दाखवतात आणि चौथा पुन्हा विचारतो, “बर्ड फ्लू तर नाही ना?”

मग येतात उपचार. खोबरेल तेल. कोरफड. हळद. कडुलिंबाचा पाला उकळून त्याची आंघोळ. कुत्र्याचा शाम्पू. कुणाचा तरी सल्ला येतो की बायोटिनच्या गोळ्या द्या, आमच्या मिसेसना फार फरक पडला. ज्या घरात माणसाच्या केसगळतीवर हजारोंचा खर्च होऊन काही उगवलेलं नाही, त्या घरातूनच सर्वांत जास्त आत्मविश्वासाने सल्ले येतात.

अंगावर पीस नसलेल्या कोंबडीने याआधी मोठमोठ्यांची पंचाईत केलेली आहे. ग्रीसमध्ये प्लेटोने माणसाची व्याख्या केली: दोन पायांचा, पिसं नसलेला प्राणी. डायोजेनिस नावाच्या विक्षिप्त तत्त्वज्ञाने एक कोंबडा सोलून प्लेटोच्या अकादमीत नेला आणि म्हणाला, हा घ्या प्लेटोचा माणूस. मग व्याख्येत ‘रुंद नखांचा’ अशी दुरुस्ती झाली म्हणतात. सोलल्या कोंबड्याने उपस्थित केलेल्या मुद्द्यावर नियमावली बदलण्याचा मान त्या अकादमीला जातो. आपल्याकडे असा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत सूचकाअभावी पडला असता.

इस्रायलच्या अविग्दोर काहानेर यांनी २००२मध्ये खरोखरच बिनपिसांची कोंबडी जगापुढे ठेवली. तिचं मूळ १९५४ साली कॅलिफोर्नियात सापडलेल्या एका जनुकबदलात होतं. विचार सरळ होता: उष्ण देशांत कोंबडीला पिसांचा त्रास होतो, आणि शेवटी ती काढायचीच असतात, मग उगवायचीच कशाला? तांबूस, नागवी, ताठ मानेने चालणारी ती कोंबडी छायाचित्रांतून जगभर पोचली आणि लोक हादरले. टीका करणाऱ्यांनी म्हटलं, उन्हाने हिची कातडी भाजेल, डास चावतील. नेरूळच्या खाडीकाठच्या डासांना ही योजना कळली असती तर त्यांनी ती उचलून धरली असती.

आपल्याकडे मधला मार्ग निघालेला आहे. उघड्या मानेची एक जात असते. तिच्या मानेवर पिसं नसतातच आणि अंगावरची पिसंही साध्या कोंबडीपेक्षा कमी असतात. त्यामुळे दमट उकाड्यात ती बरी तगते. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्या संकरातून ‘हितकारी’ नावाचा वाण तयार केला. तेव्हा नेरूळच्या कोंबडीपालकाने घाबरण्याआधी एवढं तपासावं की कोंबडी टकली झाली आहे, की विकणाऱ्याने मुळात उघड्या मानेचीच दिली आहे. असे रुग्ण उपचारांना दाद देत नाहीत.

खरोखर पिसं गेली असतील तर चौकशीला पहिला प्रश्न वयाचा. वर्ष-दीड वर्षाची कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकून नवी घेते. दिवस लहान होऊ लागले की शरीराला इशारा मिळतो. आधी डोकं, मग मान, मग छाती-पाठ, पुढे पंख आणि शेपूट, अशा क्रमाने काम चालतं. या काळात अंडी बंद. दोन-तीन महिने बंद राहिली तरी त्यात वावगं काही नाही. कारण पिसाच्या घडणीत सुमारे ८५ टक्के प्रथिन असतं आणि अंड्यालाही प्रथिनच लागतं. एकाच पगारात दोन हप्ते फेडणं जमत नाही, तेव्हा कोंबडी अंड्याचा हप्ता थांबवते. नेरूळकरांना हे समजायला हरकत नव्हती, पण नेमकी दिवाळी तोंडावर आलेली असते, पाहुण्यांना गावठी अंडी देण्याचं कबूल झालेलं असतं, आणि कोंबडी अंगणात पिसांचा सडा घालून स्वतः अर्धी सोललेली उभी असते.

या अवस्थेत तिला औषध लागत नाही, खाणं लागतं. रो-हाउसमधल्या कोंबडीचा आहार पाहिला तर भात, पोळीचे तुकडे, पावाच्या कडा आणि संध्याकाळी मालकाच्या बशीतलं फरसाण. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात प्रथिन तीन ग्रॅमही भरत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते १६ ते १८ टक्के असावं लागतं. भातावर पिसं उगवत नाहीत. फार तर पोट सुटतं, तेही कोंबडीच्या बाबतीत लवकर लक्षात येत नाही. गावठाणात मात्र या दुखण्याचा इलाज फडताळात असतो. सुकट निवडताना उरलेला चुरा, जवळा, बोंबलाची डोकी हे सगळं खुराड्याकडे जातं. प्रथिनाचा इतका स्वस्त आणि इतका वासाचा पुरवठा दुसरा नाही. फक्त खारवलेली मासळी असेल तर ती आधी धुवायला हवी, कारण मीठ जास्त झालेलं कोंबडीला सोसत नाही. आणि प्रमाणही सांभाळायला हवं. जवळ्यावर वाढलेली कोंबडी पुढे अंडं घालते त्यालाही कधी कधी जवळ्याचा वास येतो. आगरी घरात याला कुणी तक्रार म्हणत नाही. पण हेच अंडं सकाळी जिममधून आलेल्या, ‘ऑरगॅनिक’च्या शोधात असलेल्या गिऱ्हाइकाने फोडलं की प्रकरण वाढतं.

खुडूक कोंबडीचा प्रकार याहून साधा. ती अंड्यांवर बसायचं ठरवते आणि छातीची पिसं स्वतःच उपटते, म्हणजे ऊब थेट अंड्यांना पोचते. खाली अंडी असोत, नसोत. नेरूळमध्ये गॉल्फच्या चेंडूवर आणि बटाट्यावर बसलेल्या कोंबड्याही भेटतात. तिला टकलावर मलम लावायला जाणाऱ्याच्या हातावर जे उमटतं, त्यालाच मग मलम लागतं.

पाठीचं आणि मानेचं टक्कल असेल तर संशयाची सुई कोंबड्याकडे वळते. कोंबडा पाठीवर चढताना चोचीने मानेची पिसं धरतो आणि पायांच्या नख्यांनी पाठीवर तोल सांभाळतो. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण ठीक. नेरूळमध्ये तीन कोंबड्यांमागे दोन कोंबडे असतात, कारण पिलं घेताना “सगळ्या माद्याच आहेत, साहेब” असं छातीठोक सांगितलेलं असतं. त्यात कोंबड्यालाही आवडती-नावडती असते; एखाद्याच तलंगेची पाठ सोललेली आणि बाकीच्या साजशृंगारात, असं दिसतं ते त्यामुळे.

यावर परदेशात एक इलाज प्रचलित आहे: कोंबडीचं जाकीट. जाड कापडाचा चौकोन, पंखांखालून जाणारे इलॅस्टिकचे दोन बंद, पाठ झाकलेली. नव्या पिसांना उगवायला उसंत मिळते आणि नख्या कापडावर घसरतात. ऑनलाइन मागवता येतं, पण मापं तिकडच्या दणकट कोंबड्यांची. आपली गावठी त्यात शिरली की दुसऱ्या बाजूने बाहेर येते. मग स्टेशनजवळच्या टेलरला जुनी जीन्स देऊन शिवून घ्यायचं ठरतं. टेलर शांतपणे माप लिहून घेतो, अस्तर लावायचं का विचारतो आणि म्हणतो, लग्नसराई आहे, गुरुवारी ट्रायलला घेऊन या.

ट्रायलहून आलेली जाकीटवाली कोंबडी कळपात सोडली की वेगळाच तमाशा होतो. बाकीच्या तिला ओळखत नाहीत आणि टोचायला धावतात. इथे टकलाच्या पुढच्या कारणाशी गाठ पडते. थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने लहानपणापासून कोंबड्यांच्या टोचाटोचीच्या नोंदी ठेवल्या आणि १९२१मध्ये सिद्धान्त मांडला की कळपात कोण कुणाला टोचणार याची उतरंड पक्की असते. सर्वांत वरची सगळ्यांना टोचते, तिला कुणी टोचत नाही. सर्वांत खालची सगळ्यांचं सहन करते आणि तिला टोचायला कुणी उरत नाही. जगाने याला थोर शोध मानलं. गृहनिर्माण सोसायटीत पाच वर्षं राहिलेल्या माणसाला यात नवीन काय, ते कळत नाही. अध्यक्ष सचिवाला टोचतात, सचिव खजिनदाराला, खजिनदार मेंटेनन्स थकवणाऱ्याला, तो वॉचमनला. वॉचमन गेटवर आलेल्या कुरिअरवाल्याला पंधरा मिनिटं उभा ठेवतो.

उतरंड नैसर्गिक असते, पण पिसं उपटण्यापर्यंत गोष्ट जाते ती गर्दीमुळे. जागा कमी, उजेड भडक, खाण्यात प्रथिन आणि मीठ अपुरं, दिवसभर उकरायला काही नाही. मग कंटाळलेली कोंबडी शेजारणीच्या पाठीवर उकरू लागते. एकदा रक्ताचा लाल ठिपका दिसला की सगळ्याच तुटून पडतात. अमेरिकेत यावर १९०३ साली अँड्र्यू जॅक्सन नावाच्या माणसाने कोंबडीच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. नंतर लाल काचांचे चष्मे निघाले: सगळंच लाल दिसलं की रक्त वेगळं ओळखू येत नाही. त्यापुढची मजल म्हणजे कोंबडीसाठी लाल काँटॅक्ट लेन्स. ती विकायला निघालेल्या कंपनीवर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने १९७५मध्ये धडा तयार केला, आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या कोंबडीला लेन्स कशी विकावी यावर रात्र रात्र जागल्या. लेन्स चालल्या नाहीत, धडा चालला. एखादी कोबी दोरीने टांगून ठेवली आणि खुराड्याची जागा दुप्पट केली तरी नेरूळमध्ये बरंच भागतं, पण त्याचं पेटंट मिळत नाही.

आता शेवटचं आणि सर्वांत चिवट कारण. कोंबडी खाजवतेय, कातडी लाल आहे, शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी पांढुरके चिकट पुंजके दिसतात: त्या लिखा. पिसं बाजूला सारली की गव्हाळ रंगाच्या चपट्या उवा उजेडापासून पळतात. उवांचं बरं असतं. त्या कोंबडीवरच राहतात, हाती लागतात आणि माणसावर टिकत नाहीत. खरा बिलंदर तो तांबडा माइट. टाचणीच्या टोकाएवढा, आठ पायांचा. दिवसा तो कोंबडीवर नसतोच. खुराड्याच्या फटींत, दांड्याच्या खाली, खिळ्याच्या भोकात बसलेला असतो. रात्री कोंबडी दांड्यावर झोपली की चढतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत घरी परततो. उपाशी असताना करडा, जेवल्यावर लाल. कोंबडी हलवून खुराडं रिकामं ठेवलं तरी तो कितीतरी महिने अन्नावाचून वाट बघतो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही चाळली तरी काही सापडत नाही आणि तीन डॉक्टर तीन निदानं करतात.

त्याला पकडायची रीत साधी आहे. रात्री दहानंतर बॅटरी आणि पांढरा टिश्यू घेऊन खुराड्यापाशी जायचं आणि दांड्याच्या खालच्या बाजूने टिश्यू घासत न्यायचा. कागदावर तांबड्या रेघा उमटल्या की गुन्हा शाबीत. यात एकच अडचण. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन, पायजम्यावर, कंपाउंडच्या भिंतीशी वाकलेला माणूस वॉचमनला दिसतो, आणि “टिश्यूवर रेघा बघत होतो” हा खुलासा कोणत्याही रजिस्टरमध्ये नोंदवायला अवघड असतो.

नेरूळच्या हवेत या माइटचं फावतं. पावसाळ्यात खाडीकडून येणारा दमटपणा आणि उकाडा त्याला फार मानवतो. आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी तयार. शिवाय त्याला कोंबडीच हवी असं नाही. एसीच्या पेटीमागे घरटं केलेली कबुतरंही तो चालवून घेतो. २०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण माजलं, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात या माइटची बाजू मात्र कुणी मांडली नाही. कबुतराची पिलं उडून गेली की तो खिडकीतून आत येतो आणि माणसाला चावून बघतो. अंगावर बारीक लाल पुरळ उठतं, मग घामोळं, ढेकूण, नवा साबण असे आरोप होतात. बेडरूममध्ये पेस्ट कंट्रोल होतं. घरातले सगळे खाजवतात, अंगणात कोंबडी खाजवते, आणि दोन खाजींचा संबंध जोडायला बराच काळ जातो.

संबंध जुळला की लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात. झुरळांचं औषध, कुत्र्याच्या गोचिडीचं औषध, भातावर मारायचं औषध, जे हाताला लागेल ते कोंबडीवर. इथे २०१७ची युरोपातली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच तांबड्या माइटच्या बंदोबस्तासाठी खुराड्यांत मारलेल्या द्रावणात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. खाण्याच्या अंड्यांच्या पक्ष्यांवर ते वापरायला तिथे मनाई होती. अंड्यांत त्याचा अंश सापडला, फार्म बंद पडले, लाखो अंडी दुकानांतून परत घेतली गेली आणि प्रकरण कितीतरी देशांत पोचलं. टाचणीच्या टोकाएवढ्या किड्याने अर्ध्या युरोपचं ऑम्लेट थांबवलं. तेच फिप्रोनिल आपल्याकडे झुरळांच्या जेलमध्ये असतं, आणि गोचिडीसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या थेंबांतही. म्हणून औषध कोणतं, किती, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे पशुवैद्यालाच विचारायला हवं.

नेरूळमध्ये पशुवैद्य भरपूर आहेत, पण ते कुत्र्या-मांजरांचे. प्रतीक्षाकक्षात पट्टा बांधलेले लॅब्राडोर, टोपलीतली पर्शियन मांजर, आणि त्यांच्यामध्ये बाजाराच्या पिशवीतून मान बाहेर काढलेली गावठी तलंग. मांजर पिशवीकडे बघते ती रुग्ण म्हणून नव्हे. कंपाउंडर फॉर्म भरतो: नाव, वय, ब्रीड, नसबंदी झाली का. फी ऐकली की मालक मनातल्या मनात हिशोब करतो, एवढ्यात किती कोंबड्या आल्या असत्या. १८८६पासून परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे पक्ष्यांची जाण असलेली माणसं भेटतात. पण हार्बर लाइनने कोंबडी नेणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खुराड्याची साफसफाई मात्र घरीच करावी लागते आणि अर्धा विजय तिथेच आहे. कोंदट तूस फेकायचं, दांडे काढून उन्हात टाकायचे, फटीफटींत कढत पाणी ओतायचं, वाळलं की चुन्याचा हात मारायचा. आठवड्याने पुन्हा तेच. कारण पहिल्या खेपेला वाचलेल्या अंड्यांतून तोवर नवे निघालेले असतात. एकदाच करून थांबणारे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

आणि तरीही पिसं येत नाहीत, खाज जात नाही, अशा वेळी गावठाणातली एखादी म्हातारी कुंपणापाशी थांबते, कोंबडीकडे बघते आणि मुद्द्यावर बोट ठेवते: “औषीद नको रं बाला, तिला राखंन लोलू दे.”

कोंबडी पाण्याने आंघोळ करत नाही, धुळीने करते. कोरडी, भुसभुशीत जागा बघून ती नखांनी खळगा करते, त्यात बसते, पंखांनी माती अंगावर ओढून घेते, एका कुशीवर कलंडते, पाय ताणते, डोळे अर्धे मिटते, मग दुसऱ्या कुशीवर. माती पिसांच्या मुळापर्यंत जाते, जुनं तेल शोषून घेते, उवा-किड्यांना तगू देत नाही. शेवटी उठून एकदा अंग झाडते आणि धुळीचा लोट बघणाऱ्याच्या तोंडावर जातो. साधारण दिवसाआड, दुपारच्या सुमारास, वीस-पंचवीस मिनिटांचा हा कार्यक्रम असतो. त्यात व्यत्यय आणलेला तिला खपत नाही.

आता प्रश्न असा की नेरूळमध्ये ही धूळ आणायची कुठून? धूळ नाही असं नाही. हवेत आहे, गाड्यांच्या काचांवर आहे, पुनर्विकासाच्या हिरव्या जाळ्यांतून गाळून चोवीस तास येते आहे. फक्त जमिनीवर नाही. जमिनीवर पेव्हर ब्लॉक आहेत. अंगणात ब्लॉक, गल्लीत ब्लॉक, झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक. जिथे ब्लॉक नाही तिथे सिमेंट, आणि जिथे सिमेंट नाही तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिखल. चुलीची राख होती, ती गॅस आल्यावर गेली. कोंबडीला शाम्पू मिळाला, बायोटिन मिळालं, जीन्सचं जाकीट मिळालं, नाव मिळालं. पाटीभर कोरडी राख तेवढी कुणाला सुचली नाही. अशी कोंबडी उन्हं कलताना पेव्हर ब्लॉकवरच बसते. नखांनी सिमेंट खरवडते, कुशीवर होते, नसलेली माती पंखांनी अंगावर ओढून घेते, पाय ताणते, सगळा विधी यथासांग उरकते आणि उठून कोरडंच अंग झाडते. पिंजऱ्यात तारेच्या तळावर ठेवलेल्या कोंबड्याही असंच करतात, असं अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. रो-हाउसवाल्याला वाटतं तिला फिट आली. तो व्हिडिओ काढतो.

उपाय अगदीच घरगुती. एक जुना टब किंवा गाडीचा टायर, त्यात वाळवून चाळलेली माती, थोडी रेती आणि लाकडाची थंड, कोरडी राख. कोळशाची किंवा कचरा जाळलेली राख नको, आणि राख ओली होऊ द्यायची नाही. भिजली की तीच कातडीला झोंबते. वर पत्र्याचा आडोसा, नाहीतर पहिल्या सरीतच त्याचं पिठलं. कॅलिफोर्नियात झालेल्या प्रयोगांत धुळीच्या खळग्यात गंधकाची पूड मिसळली तेव्हा उवा आणि माइट फारच झपाट्याने गेले. म्हातारीला हे सांगितलं तर ती म्हणेल, गंधक तुमचा, राख आमची.

मग नेरूळमध्ये माती विकत आणायची मोहीम निघते. ज्या भागात एकेकाळी खाजणं आणि भातखाचरं होती, तिथे नर्सरीतून लाल मातीची गोणी आणली जाते. बायको विचारते, कुंड्यांसाठी का? कोंबडीसाठी, असं उत्तर मिळाल्यावर ती पुढे काही विचारत नाही. माती गच्चीवर वाळत घातली जाते, सोसायटी त्यावर हरकत घेते. राखेसाठी गावठाणात चुलीवर तांदळाची भाकरी भाजणाऱ्या घराशी संधान बांधावं लागतं. तिथे राख फुकट मिळते. मात्र ती पिशवीत भरून देताना “एवढे शिकलेली मानसं” अशी सुरुवात असलेलं वाक्य ऐकून घ्यावं लागतं.

टब अंगणात आला की पहिला दिवस कोंबड्या त्याच्याभोवती नुसत्या फिरतात. उतरंडीतली वरची आधी उतरते. बाकीच्या काठावर रांगेत उभ्या राहतात आणि नंबर लावल्यासारख्या कुरकुरतात. दोन-तीन आठवड्यांत पाठीवर निळसर-करडे कोंब दिसू लागतात: आवरणात गुंडाळलेली नवी पिसं. त्यांत रक्त खेळत असतं, हात लावलेला कोंबडीला दुखतो, म्हणून या दिवसांत तिला उचलून पाहुण्यांना दाखवायचं नसतं. पाहुणे अर्थातच याच दिवसांत येतात.

तोवर कोंबड्यापासून बचाव म्हणून जाकीट ठेवावं लागतं. रविवारी सकाळी, खिशासकट जीन्सचं जाकीट घातलेली, अंगभर राख उडवणारी तलंग छान दिसते आणि तिचा फोटो ग्रुपवर पडतो. चाळीस बदाम येतात. कुणी विचारतं, हिला आधार कार्ड काढलं का. बी-विंगमधून खालीच प्रश्न येतो: “किलो काय भाव?”